बॅगाटेल, पिनबॉल आणि आजोबा

आजोळी माडीवर एक बॅगाटेलचा बोर्ड होता. मामेभावंडांना नक्की आठवत असेल. उजवीकडे स्प्रिंगचा दांडा, मधे खिळ्यांची कुंपणं आणि लोखंडी छर्रे. एका मे महिन्यात पाच-पाच पैसे लावून खेळताना आजोबांनी आम्हाला पकडलं आणि बोर्ड थेट माळ्यावर गेला. "हा जुगार आहे. यात तुमचं कर्तृत्व काय?" मी म्हटलं, दांडा किती ओढायचा ते मला कळतं. आजोबा नुसतेच हसले. ते हसणं मला कितीतरी वर्षं खुपत होतं.

पुढे नोकरीत विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' पिनबॉल भेटला, आणि जुनं भांडण पुन्हा वर आलं. कारण पिनबॉल म्हणजे बॅगाटेलचंच नातवंड! स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह याने अमेरिकेत १८७१ साली घेतलं. १९३० च्या दशकात नाणं टाकून खेळायची यंत्रं तिथे दुकानादुकानांत पोचली. आणि गंमत बघा, आजोबांचाच आक्षेप न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांचाही होता. हा जुगार शाळकरी पोरांच्या खिशातली नाणी लुटतो म्हणून जानेवारी १९४२ मध्ये शहरात बंदी आली. महापौरांनी स्वतः घण घालून यंत्रं फोडली. आजोबांनी निदान बोर्ड जपून ठेवला होता!

खरं तर महापौरांचं तेव्हा फारसं चुकत नव्हतं. चेंडू एकदा सुटला की टेबलाला हलका धक्का देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नसे. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात हॅरी मॅब्ज याने सहा फ्लिपर बसवले आणि खेळच बदलला. कायदा बदलायला मात्र १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवलं. चेंडू मधल्या वाटेने जाईल असं आधी सांगून त्याने दांडा सोडला, आणि चेंडू तिथूनच गेला. बंदी उठली. त्या फटक्यात नशीबही होतं, हे पुढे त्यानेच कबूल केलं.

मी स्वतः सुरुवातीला दोन्ही बटणं नुसती बडवत असे. चेंडू मधून निसटला की नशिबाला दोष! मग कळलं की मारण्याआधी थांबवणं शिकायचं असतं. फ्लिपर उचलून धरला की चेंडू त्याच्या कुशीत येऊन बसतो. मग सावकाश नेम धरायचा. फ्लिपर खाली करून चेंडू मुळाशी असताना मारला तर एकीकडे जातो, टोकाशी घरंगळू दिला तर दुसरीकडे. कधी फ्लिपर मुळीच हलवायचा नाही, चेंडू आपसूक उसळून पलीकडे जातो. धक्का द्यायचा तोही बेताने, नाहीतर यंत्र 'टिल्ट' म्हणतं आणि बटणंच चालेनाशी होतात.

आता वाटतं, आजोबा निम्मे बरोबर होते. चेंडू कुठून येणार ते आपल्या हातात नसतं. आला की धरायचा कसा, तेवढं असतं.

मामेभावंडांनो, बोर्ड अजून माळ्यावर असेल तर खाली काढा. पैसे लावणार नाही, शब्द देतो.