महामार्ग निविदांचे तांत्रिक मूल्यांकन

महामार्ग निविदांचे तांत्रिक मूल्यांकन म्हणजे महामार्गाच्या बांधकामासाठी निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांपैकी कोण ते काम करण्यास पात्र व समर्थ आहे, हे त्यांचे देकार उघडण्यापूर्वी ठरविण्याची प्रक्रिया होय. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण तसेच राज्यांचे सार्वजनिक बांधकाम विभाग व रस्ते विकास महामंडळे ही प्रक्रिया राबवितात. महामार्गाचे काम मोठ्या रकमेचे व अनेक वर्षे चालणारे असते. एकदा कार्यारंभ आदेश दिल्यावर कंत्राटदार बदलणे खर्चिक व वेळखाऊ ठरते. त्यामुळे निवडीच्या या टप्प्याला विशेष महत्त्व आहे.

द्विलिफाफा पद्धत

मोठ्या कामांच्या निविदा सामान्यतः दोन लिफाफ्यांत मागविल्या जातात. पहिल्या लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रे, अनुभवाचे दाखले, आर्थिक विवरणे व बयाणा रकमेचा पुरावा असतो. दुसऱ्यात केवळ देकार असतो. प्रथम सर्वांचा पहिला लिफाफा उघडला जातो आणि त्यात जे पात्र ठरतात त्यांचाच दुसरा लिफाफा उघडला जातो. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमावली, २०१७ मध्ये द्विनिविदा पद्धतीची तरतूद आहे. ई-निविदा पद्धत रूढ झाल्यापासून हे लिफाफे कागदी राहिलेले नाहीत. निविदा अंकीय स्वाक्षरीसह संकेतस्थळावर भरल्या जातात व ठरलेल्या वेळेपूर्वी त्या उघडता येत नाहीत. तथापि ‘लिफाफा’ हा शब्द व्यवहारात टिकून आहे.

या विभागणीमागील कारण साधे आहे. मूल्यांकन करणाऱ्यास देकार आधीच ठाऊक असेल, तर स्वस्त देकाराच्या मोहाने तो कंत्राटदाराच्या उणिवांकडे दुर्लक्ष करण्याचा किंवा मर्जीतल्या कंत्राटदारासाठी स्पर्धकाला क्षुल्लक कारणावरून बाद करण्याचा संभव असतो.

मूल्यांकनाचे टप्पे

निविदा सूचना प्रसिद्ध झाल्यावर निविदापूर्व बैठक होते. तीत कंत्राटदार शंका विचारतात व आवश्यक तेथे शुद्धिपत्रक काढून अटी स्पष्ट केल्या जातात. निविदा उघडल्यानंतर मूल्यांकन समिती प्रथम प्रत्येक निविदा परिपूर्ण आहे की नाही हे पाहते. बयाणा रक्कम, अधिकारपत्र, विहित नमुन्यातील प्रपत्रे व स्वाक्षऱ्या यांची तपासणी या टप्प्यात होते. त्यानंतर अनुभव, आर्थिक स्थिती व निविदा-क्षमता हे निकष तपासले जातात.

समिती लेखी स्पष्टीकरण मागवू शकते. मात्र स्पष्टीकरणाच्या निमित्ताने निविदेचा गाभा बदलता येत नाही. एखाद्या दाखल्यातील अस्पष्ट तारखेचा खुलासा स्वीकारता येतो, पण मुदतीनंतर पूर्ण केलेले नवे काम अनुभवात धरता येत नाही. शेवटी पात्र व अपात्र निविदाकारांची यादी कारणांसह तयार करून सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेस सादर केली जाते.

पात्रतेचे निकष

अनुभव : केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये बांधकामाच्या निविदांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचना आजही संदर्भासाठी वापरल्या जातात. त्यांनुसार मागील ७ वर्षांत कंत्राटदाराने अंदाजपत्रकीय किमतीच्या किमान ४० टक्के रकमेची तीन, किंवा ५० टक्के रकमेची दोन, किंवा ८० टक्के रकमेचे एक समान स्वरूपाचे काम पूर्ण केलेले असावे. २०० कोटी रुपयांच्या रस्त्यासाठी याचा अर्थ प्रत्येकी ८० कोटींची तीन, १०० कोटींची दोन किंवा १६० कोटींचे एक काम असा होतो.

‘समान स्वरूपाचे काम’ या शब्दांची व्याख्या हा वादाचा नेहमीचा विषय आहे. इमारत बांधण्याचा अनुभव महामार्गास उपयोगी नाही हे स्पष्ट असले, तरी धावपट्टी, रेल्वेमार्गाचा भराव किंवा धरण यांचा अनुभव किती धरावा हे निविदा प्रपत्रात आधीच लिहिणे आवश्यक ठरते. मोठे पूल, उड्डाणपूल किंवा बोगदे असल्यास त्या विशिष्ट बांधकामाचा अनुभव स्वतंत्रपणे मागितला जातो.

आर्थिक स्थिती : वार्षिक उलाढाल व निव्वळ मालमत्ता यांवरून कंत्राटदार देयके मिळण्यास विलंब झाला तरी काम चालू ठेवू शकेल काय, याचा अंदाज घेतला जातो. वरील सूचनांनुसार मागील ३ वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजपत्रकीय किमतीच्या किमान ३० टक्के असावी. संकरित वार्षिकी प्रतिमानात बांधकामकाळात शासन प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के रक्कम देते व उर्वरित ६० टक्के कंत्राटदार कंपनीस उभी करावी लागते. म्हणून तेथे आर्थिक निकषांना अधिक वजन येते.

निविदा-क्षमता : हातात आधीच असलेली कामे वजा जाता कंत्राटदार आणखी किती काम पेलू शकतो, हे पुढील सूत्राने काढले जाते.

निविदा-क्षमता = (अ × न × २.५) − ब

येथे ‘अ’ म्हणजे मागील ५ वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षात केलेल्या कामांची चालू दराने काढलेली कमाल रक्कम, ‘न’ म्हणजे नव्या कामाच्या मुदतीची वर्षे आणि ‘ब’ म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करावयाच्या, हाती असलेल्या कामांची रक्कम होय. काही विभाग २.५ ऐवजी २ हा गुणक वापरतात. समजा, एका कंत्राटदाराची कमाल वार्षिक रक्कम १२० कोटी, नव्या कामाची मुदत २ वर्षे व हातातील कामे २५० कोटींची आहेत. त्याची क्षमता ६०० − २५० = ३५० कोटी रुपये येते व तो ३०० कोटींच्या कामास पात्र ठरतो. त्याच्या हातात ३५० कोटींची कामे असती, तर क्षमता २५० कोटींवर येऊन तोच कंत्राटदार अपात्र ठरला असता. यामुळे काही कंत्राटदार हातातील कामे कमी दाखवितात व मूल्यांकनकर्त्यांना ती इतर कार्यालयांकडून पडताळून घ्यावी लागतात.

कागदपत्रांची पडताळणी

खोटे अनुभव-दाखले व बनावट बँक हमीपत्रे हे या प्रक्रियेतील गंभीर धोके आहेत. दाखला देणाऱ्या कार्यालयाकडून त्याची खातरजमा करणे व हमीपत्राची बँकेकडून थेट पुष्टी घेणे, हे त्यावरील उपाय होत. सनदी लेखापालांच्या प्रमाणपत्रांवर २०१९ पासून विशिष्ट ओळख क्रमांक अनिवार्य झाल्याने त्यांची सत्यता संकेतस्थळावर तपासता येते. खोटी माहिती आढळल्यास बयाणा रक्कम जप्त करणे व कंत्राटदारास काळ्या यादीत टाकणे अशी कारवाई होऊ शकते. निविदाकारांनी आपसात संगनमत करणे हे स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये प्रतिबंधित आहे.

गुणांकन पद्धत

बांधकामाच्या बहुतेक निविदांत तांत्रिक मूल्यांकनाचे फलित ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच असते आणि पात्र निविदाकारांपैकी सर्वांत कमी देकार देणाऱ्यास काम मिळते. सल्लागारांच्या नेमणुकीत मात्र तांत्रिक गुण व देकार यांचे एकत्रित गुणांकन पूर्वीपासून केले जाते. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ मधील सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत बांधकामांसाठीही ही पद्धत खुली केली. तीत किमतीव्यतिरिक्तच्या गुणांचे वजन ३० टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही.

उदाहरणार्थ, एका कंत्राटदारास ७५ तांत्रिक गुण व त्याचा देकार १०० कोटी, तर दुसऱ्यास ९० गुण व देकार १०५ कोटी असल्यास ३०:७० या प्रमाणात पहिल्यास ९२.५ आणि दुसऱ्यास सुमारे ९३.७ गुण मिळतात व दुसरा निवडला जातो. त्याचा देकार ११० कोटी असता, तर त्याचे गुण सुमारे ९०.६ होऊन पहिला निवडला गेला असता. म्हणजेच या पद्धतीत गुणवत्तेसाठी जादा किंमत मोजली जाते, पण तिला मर्यादा असते.

न्यायालयीन निर्णय

रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, शासकीय संस्थेने स्वतः घातलेल्या पात्रतेच्या अटी तिच्यावरही बंधनकारक असतात, असे तत्त्व सांगितले. टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) या खटल्यात न्यायालय निर्णयाची नव्हे, तर निर्णयप्रक्रियेची तपासणी करते, हे स्पष्ट झाले. नागपूर मेट्रोच्या कामावरून उद्भवलेल्या अॅफकॉन्स प्रकरणात (२०१६), निविदेचा मसुदा करणारी संस्थाच तिच्या अटींचा अर्थ उत्तम जाणते व दुर्हेतू किंवा विपर्यास नसल्यास न्यायालयाने हस्तक्षेप करू नये, असे म्हटले गेले. झारखंडमधील रस्त्याच्या एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात (२०२२) पायाभूत कामांना स्थगिती देताना संयम बाळगण्याची अपेक्षा व्यक्त झाली. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनेही अशा स्थगितीवर मर्यादा घातल्या आहेत.

मर्यादा व टीका

निकष फार कडक ठेवल्यास मोजकेच मोठे कंत्राटदार उरतात, स्पर्धा घटते व स्थानिक कंत्राटदारांना वाव राहत नाही. फार सैल ठेवल्यास अनुभव व भांडवल नसलेले कंत्राटदार अत्यल्प देकार देऊन काम मिळवितात. विशिष्ट कंत्राटदारास अनुकूल अशा अटी घातल्या जातात, ही तक्रारही वारंवार होते.

तांत्रिक पात्रता हे काम वेळेत होण्याची हमी नसते, ही या प्रक्रियेची मूलभूत मर्यादा आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये आरंभ झाला. परंतु भूसंपादनातील अडचणी व कंत्राटदारांच्या कामातील दिरंगाई अशा कारणांनी ते दशकाहून अधिक काळ रखडले. खड्डे व अपघात यांमुळे हा विषय जनहित याचिकांद्वारे मुंबई उच्च न्यायालयातही पोहोचला. मूल्यांकन मुख्यतः कंत्राटदाराच्या भूतकाळातील कामावर आधारलेले असते. भावी कामगिरीसाठी सुरक्षा ठेव, त्रयस्थ गुणवत्ता तपासणी, विलंबासाठी दंड आणि दोषदायित्व कालावधी यांची जोड द्यावी लागते.

हेही पहा

निविदा
भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ
केंद्रीय दक्षता आयोग