हुस्कवार्नाच्या घोडेवाल्या बंदुका

‘बारा बोरची बंदूक’ हे शब्द आपण ऐकलेले असतात. पण बारा म्हणजे बारा काय? मिलिमीटर नव्हेत आणि इंचाचे भागही नव्हेत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोरची नळी. म्हणूनच सोळा बोरची नळी बारा बोरहून अरुंद असते! जुन्या बंदुका जमवणाऱ्यांना अशी कोडी पावलोपावली भेटतात. स्वीडनमधल्या, घोडे बाहेर असलेल्या दुनळी बंदुका पाहिल्या तर तंत्रज्ञानाच्या इतिहासातले बरेच काही त्यांत सापडते.

दक्षिण स्वीडनमध्ये व्हेटर्न सरोवराजवळ हुस्कवार्ना हे गाव आहे. स्वीडिश भाषेत ‘क्वार्न’ म्हणजे गिरणी. गावाला धबधबा होता. बंदुकीच्या नळ्या पोखरायच्या आणि घासायच्या तर अखंड शक्ती हवी. ती पाण्यापासून मिळत असल्याने १६८९ साली येथे सैन्यासाठी बंदुकांचा कारखाना उभा राहिला. लोखंडाची देशात वाण नव्हतीच. लाकडी कोळशावर तयार होणारे स्वीडिश लोखंड इतके शुद्ध असे, की इंग्लंडमधल्या शेफील्डचे पोलादवाले ते मुद्दाम मागवत.

१८६७ मध्ये स्वीडनने सैन्यासाठी रेमिंग्टन पद्धतीची नवी रायफल स्वीकारली. कारखान्यात यंत्रे वाढली, कारागीर तयार झाले. पण सैन्याची मागणी कायम सारखी नसते. मग त्याच यंत्रांचे करायचे काय? १८७२ साली शिवणयंत्रे आली आणि १८७७ मध्ये शिकारीच्या दुनळी बंदुका.

त्याआधीची ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरावी लागे. पॅरिसच्या काझिमिर लफोशो याने १८३० च्या दशकात बिजागरीवर मोडणारी, मागून काडतूस भरायची बंदूक बनवली. हुस्कवार्नाच्या सुरुवातीच्या दुनळीत हीच कल्पना होती. खालची तरफ फिरवली की नळ्या पुढे झुकत. वर दोन घोडे, प्रत्येक नळीला एक. अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतली कमान ताणली जाई आणि तिच्यात स्थितिज ऊर्जा साठे. चाप दाबला की तिची गतिज ऊर्जा होई, घोडा खिळीवर आपटे आणि खिळी काडतुसाच्या टोपीवर.

गंमत अशी, की घोडे आत लपवलेली सुटसुटीत रचना बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्येच केली होती. म्हणजे हुस्कवार्नाची बंदूक जन्मतःच ‘जुनी’ होती! तरीही ती विसाव्या शतकातही विकली जात राहिली. कारण साधे आहे. रचना सोपी आणि स्वस्त होती. शिवाय घोडा चढवलेला आहे की नाही हे लांबूनही दिसे. नवे आले की जुने लगेच संपते, असे आपण वर्गात नकळत शिकवतो. प्रत्यक्षात दोन्ही बराच काळ शेजारी नांदतात.

मात्र या शेजारात धोकाही असतो. सोरा, गंधक आणि कोळशाच्या काळ्या दारूच्या जागी १८८४ नंतर धूररहित दारू येऊ लागली. तिचा दाब वेगळ्या रीतीने वाढतो. अनेक जुन्या बंदुकांत काडतुसाचे घर ६५ मिलिमीटर लांब असते. आजची सामान्य काडतुसे ७० मिलिमीटरची. पण ही लांबी उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेले काडतूस आखूड असल्याने ते जुन्या घरातही आरामात बसते. उडताना मात्र त्याच्या तोंडाला उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. ‘बसते म्हणजे चालते’ हा समज इथे जीवघेणा ठरू शकतो. म्हणून जाणकार संग्राहक आधी मोजमाप करतो आणि नळीवरच्या चाचणीच्या खुणा वाचतो. केवळ जपून ठेवण्याच्या वस्तूही असतात, हे तो जाणतो.

हुस्कवार्ना हे नाव आज अनेकांना झाडे कापण्याच्या यांत्रिक करवतीमुळे माहीत आहे. ती कंपनीने १९५९ मध्ये बनवायला घेतली.

शेवटी वर्गासाठी एक गणित. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम आणि शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून बारा आणि सोळा बोरच्या नळ्यांचे व्यास विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तरे सुमारे १८.५ आणि १६.८ मिलिमीटर यायला हवीत. वीस बोरचा व्यास किती, हे मात्र त्यांनाच आधी अंदाजाने सांगू द्या.