मॉर्फिनची धास्ती, ट्रॅमाडॉलची मोकळीक

सोलापूर : कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी सुचवली की घरातील मंडळी दचकतात. ‘आता सवय लागेल’, ‘म्हणजे आता काही उरले नाही’ अशी कुजबुज सुरू होते. त्याच घरात कंबरदुखीसाठी आणलेले ट्रॅमाडॉलचे पाकीट मात्र कपाटात असते आणि कुणाचे काही दुखले की त्यातली एक गोळी सहज काढून दिली जाते. वस्तुतः ही दोन्ही औषधे एकाच कुळातील आहेत.

या कुळाचे मूळ अफूत आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो, तो वाळला म्हणजे अफू. मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर आणि राजस्थानातील चित्तोडगड या भागांत सरकारी परवान्याने तिची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया केली जाते. मॉर्फिन आणि कोडीन ही द्रव्ये थेट अफूत सापडतात. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेन्टानिल, पेन्टाझोसिन ही प्रयोगशाळेत घडवलेली त्यांची भावंडे. मेंदू व मज्जारज्जूतील ज्या ग्राहींवर शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये काम करतात, त्याच ग्राहींना ही औषधे जाऊन चिकटतात. वेदनेचा संदेश त्यामुळे क्षीण होतो. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत थैमान घालणारे ‘गर्द’ म्हणजे हेरॉइनही मॉर्फिनपासूनच तयार होते. पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झाले ते याच व्यसनाच्या पार्श्वभूमीवर. तेव्हा लोकांच्या मनातील धास्ती निराधार नाही.

सोलापूरकरांना नशेच्या पदार्थांचा विषय निघाला की एप्रिल २०१६ मध्ये चिंचोळी औद्योगिक वसाहतीत पकडला गेलेला साठा आठवतो. तो मात्र एफेड्रिनचा होता. एफेड्रिनचा अफूशी संबंध नाही. ते उत्तेजक गटातील औषध असून त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनवता येते.

कर्करोगाच्या वेदनेचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ पासून कर्करुग्णांची नोंदणी सुरू झाली. देशातील ती पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय. रुग्ण फार उशिरा रुग्णालयात येतात, हे लक्षात आल्याने बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातील कार्यकर्ते गावोगाव फिरून रोगाची प्राथमिक लक्षणे समजावून सांगत. उशिरा येणाऱ्या रुग्णाचा रोग पुष्कळदा बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो. वेदना थांबवणे हाच त्याच्यावरील मुख्य उपचार ठरतो.

आणि नेमके तेच औषध देशात दुर्मिळ झाले होते. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ मध्ये आला. कठोर शिक्षा आणि प्रत्येक राज्याचे निराळे परवाने यांच्या धाकाने रुग्णालयांनी व औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. १९८५ मध्ये देशात वैद्यकीय कारणासाठी ७१६ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ मध्ये हा आकडा अवघ्या १८ किलोवर आला. ज्या देशाची अफू परदेशातील औषध कंपन्या विकत घेतात, त्याच देशातील रुग्ण तळमळत राहावेत, हा विरोधाभास लाजिरवाणाच म्हटला पाहिजे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवून त्यांचे नियम देशभर एकसारखे करण्यात आले. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेले रुग्णालय ती आता ठेवू शकते. तरीही २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने काढलेल्या अनुमानानुसार, भारतात गरजेच्या केवळ ४ टक्के इतकेच हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचत होते.

मॉर्फिनची साधी गोळी सुमारे चार तास काम करते. म्हणूनच दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे द्यावी लागते. ‘अगदी सहन होईना तेव्हाच देऊ’ ही घरच्यांची काटकसर रुग्णाला महागात पडते. मात्रा लहान ठेवून सुरुवात केली जाते आणि गरजेप्रमाणे ती वाढवली जाते. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी असते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, त्यामुळे सोबत रेचक घेणे आवश्यक असते. मूत्रपिंड अधू असलेल्यांच्या शरीरात औषध साचत जाते. त्यांची मात्रा डॉक्टर जपून ठरवतात. त्वचेवर लावायची फेन्टानिलची पट्टी तीन दिवस चालते, पण उष्णतेने तिच्यातील औषध शरीरात वेगाने शिरते. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ती थेट उन्हात तापू देऊ नये.

सवय आणि व्यसन यांतला फरक येथे समजून घ्यायला हवा. काही आठवडे औषध घेतल्यावर शरीर त्याला सरावते. एकाएकी बंद केले तर घाम, अस्वस्थता, जुलाब सुरू होतात. हे व्यसन नव्हे. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली की हा त्रास टळतो. दुखणे नसताना, अपाय दिसत असतानाही औषधाच्या मागे लागणे, ते मिळवण्यासाठी खोटे बोलणे, ही व्यसनाची चिन्हे आहेत.

खरा धोका बिनदेखरेखीच्या वापरात आहे. यंत्रमागावर तासन्‌तास उभा राहणारा कामगार किंवा दिवसभर विड्या वळणारी बाई पाठदुखीसाठी महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉल घेत राहते, तेव्हा फायदा थोडा आणि सवय मोठी, अशी स्थिती होते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नव्याने उद्‌भवलेल्या पाठ व मानदुखीवर ऑक्सिकोडोन हे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ट्रॅमाडॉलने काहींना झटके येतात. नैराश्यावरील काही औषधांसोबत ते घातक ठरू शकते. बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल वा कोडीन देऊ नये. या कुळातील कोणतेही औषध दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. अतिमात्रेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस हाक मारूनही उठत नाही. नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा रुग्णालयात असतो, त्यामुळे तिथे पोहोचण्यास विलंब करू नये.

ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. त्यानंतर टॅपेन्टाडॉलचा प्रश्न पुढे आला. त्याच्यासोबत कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध मिसळलेल्या गोळ्या महाराष्ट्रातील एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीबीसी’ने उघड केले. त्याच महिन्यात केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादनाला व निर्यातीला दिलेल्या परवानग्या मागे घेण्याचे आदेश दिले.

घरात ही औषधे असतील तर ती कुलपात ठेवावीत, कोणी किती गोळ्या घेतल्या याची वहीत नोंद करावी. रुग्ण दगावल्यावर उरलेला साठा औषध दिलेल्या रुग्णालयात परत करावा. सवय जडल्याची शंका आल्यास १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.