भगंदरावर लेसर उपचार: केव्हा उपयोगी?
भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत तयार झालेली नळी. बहुधा गळू फुटल्यावर ती उरते आणि पू येत राहतो. मलमाने किंवा अँटिबायोटिकने ती बुजत नाही.

लेसर उपचारात नळी साफ करून आत बारीक फायबर घालतात व उष्णतेने ती आकसवतात. शौचावर ताबा ठेवणारा स्नायू कापला जात नाही, हा मोठा फायदा. मात्र साधारण तीनपैकी एका रुग्णात भगंदर बरे होत नाही किंवा पुन्हा होते. वरवरच्या साध्या भगंदरात नळी उघडण्याची शस्त्रक्रियाच अधिक खात्रीची असते.

गडचांदूरहून चंद्रपूरला सर्जनकडे जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या. एमआरआय आणि क्षयरोगाची तपासणी लागेल का, हे विचारा. ताप, वाढती सूज किंवा तीव्र वेदना असल्यास थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.