नेत्रस्नायू व नेत्रकोटर यांवरील शस्त्रक्रिया

नेत्रस्नायू व नेत्रकोटर यांवरील शस्त्रक्रिया : नेत्रगोलाची हालचाल घडवून आणणारे स्नायू आणि नेत्रगोल ज्या अस्थिमय पोकळीत बसविलेला असतो ती पोकळी (नेत्रकोटर) यांच्या विकारांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया. यांपैकी तिरळेपणावरील शस्त्रक्रिया सर्वांत महत्त्वाची असून तिचा इतिहास सु. १८५ वर्षांचा आहे. एक दिखाऊ व्यंग दूर करण्याचा उपाय म्हणून आरंभ झालेली ही शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांनी एकत्रित पाहण्याची शक्ती टिकविण्याचे साधन कशी बनली, हा या इतिहासाचा मुख्य विषय होय.

प्रत्येक नेत्रगोलाला चार सरल व दोन तिरकस असे सहा स्नायू जोडलेले असतात. त्यांचे नियंत्रण तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या मस्तिष्क तंत्रिकांकडून (मज्जांकडून) होते. दोन्ही डोळ्यांचे स्नायू मेळाने काम करीत असल्यामुळे दोहोंची दृष्टी एकाच वस्तूवर स्थिरावते व मेंदू दोन प्रतिमांची एक प्रतिमा करतो. हा मेळ बिघडला म्हणजे एक डोळा आत, बाहेर, वर किंवा खाली वळतो. अशा वेळी प्रौढास एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलाचा मेंदू मात्र वळलेल्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा दडपून टाकतो आणि कालांतराने त्या डोळ्याची दृष्टी मंदावते [⟶ डोळा].

प्राचीन व मध्ययुगीन उपाय : आईबापांचा तिरळेपणा मुलांत उतरतो, हे हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील लेखनात नमूद आहे. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य ईजायनाचे पॉल यांनी तिरळ्या मुलांसाठी छिद्रे पाडलेला मुखवटा सुचविला. छिद्रांतून पाहण्याच्या प्रयत्नात डोळा सरळ होईल, अशी त्यामागची कल्पना होती. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्र्वाझ पारे व जर्मनीत गेओर्ख बार्टिश यांनी असेच मुखवटे वर्णिले आहेत. १७४३ मध्ये फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ यांनी चांगला डोळा झाकून तिरळ्या डोळ्यास काम करावयास लावण्याचा उपाय सांगितला. हा उपाय आजही मंददृष्टीवरील उपचारांचा पाया आहे.

याच शतकात जॉन टेलर (१७०३–७२) हा फिरता इंग्रज नेत्रवैद्य यूरोपभर तिरळेपणा शस्त्रक्रियेने बरा करण्याची जाहिरात करीत असे. तो तिरळ्या डोळ्याच्या श्लेष्मकलेस किरकोळ छेद देऊन चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधी. पट्टीमुळे तिरळा डोळा साहजिकच समोर पाहू लागे व जमलेले लोक थक्क होत. पट्टी सुटेपर्यंत टेलर दुसऱ्या गावी गेलेला असे. संगीतरचनाकार बाख यांच्या डोळ्यांवर १७५० मध्ये अयशस्वी शस्त्रक्रिया करणारा वैद्य तो हाच.

पहिली शस्त्रक्रिया व तिचे दुष्परिणाम : हॅनोव्हर येथील लूई श्ट्रोमायर (१८०४–७६) यांनी पावलाच्या व्यंगावर टाचेची कंडरा (स्नायूचे दोरीसारखे टोक) छेदण्याची पद्धत रूढ केली होती. आखडलेला स्नायू कापल्यास व्यंग दूर होते, हे तत्त्व डोळ्यासही लागू पडेल असे त्यांना वाटले. १८३८ मध्ये त्यांनी मृतदेहावरील प्रयोगावरून तशी सूचना केली. बर्लिनचे शल्यचिकित्सक योहान फ्रीड्रिख डीफेनबाख (१७९२–१८४७) यांनी २६ ऑक्टोबर १८३९ रोजी डोळा आत वळलेल्या सात वर्षांच्या मुलावर ही शस्त्रक्रिया केली. तीनच दिवसांनी ब्रूसेल्स येथे फ्लोरां क्यूनिये यांनीही स्वतंत्रपणे अशी शस्त्रक्रिया केली.

त्या वेळी शुद्धिहरणाचा शोध लागलेला नव्हता. साहाय्यकांनी मुलाला धरून ठेवावयाचे, पापण्या आकड्यांनी ताणावयाच्या, श्लेष्मकला उचलून छेदावयाची आणि आतील सरल स्नायू कात्रीने तोडावयाचा, अशी ही कृती होती. डोळा तत्काळ सरळ झालेला दिसे. त्यामुळे वर्षभरातच ही शस्त्रक्रिया यूरोपात व अमेरिकेत पसरली. १८४२ च्या आपल्या ग्रंथात डीफेनबाख यांनी सु. १,२०० शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. स्नायू कापण्याच्या या उपायावर त्यांचा इतका विश्वास बसला होता की, १८४१ मध्ये त्यांनी तोतरेपणा घालविण्यासाठी जिभेचे स्नायूही कापले. तो प्रकार घातक ठरून लवकरच सोडून देण्यात आला.

डोळ्याच्या बाबतीतही निराशा पदरी आली. तोडलेला स्नायू कोठेही शिवला जात नसल्याने तो मागे सरके आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूस प्रतिकार उरत नसे. परिणामी आत वळलेला डोळा काही काळाने बाहेर वळे, आत फिरेनासा होई व किंचित पुढे येई. एका व्यंगाच्या जागी दुसरे, बहुधा अधिक वाईट, व्यंग येई.

मोजमापाकडे वाटचाल : बिघडलेले डोळे दुरुस्त करण्याच्या गरजेतूनच पुढील पद्धती निघाल्या. १८४९ मध्ये झ्यूल गेरँ यांनी मागे सरकलेला स्नायू पुढे आणून बसविला. बर्लिनचे आल्ब्रेख्ट फोन ग्रेफ (१८२८–७०) यांनी स्नायूचा मांसल भाग न कापता श्वेतपटलाशी असलेला कंडरेचा जोड तेवढा सोडविण्याची प्रथा पाडली. लंडनचे जॉर्ज क्रिचेट (१८१७–८२) यांनी स्नायू पुढे आणण्याची पद्धत सुधारली. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनाचा स्थानिक संवेदनाहारक म्हणून उपयोग दाखविल्यावर सावकाश व काटेकोर काम करणे शक्य झाले [⟶ शुद्धिहरण].

निर्णायक टप्पा १९२२ मध्ये आला. ब्रुकलिन येथील पी. सी. जेमसन यांनी सोडविलेला स्नायू ठराविक अंतर मागे नेऊन श्वेतपटलास टाक्यांनी पक्का शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्नायू दुबळा करावयाचा तर मागे सरकवावयाचा व सबळ करावयाचा तर तुकडा काढून आखूड करावयाचा, हे तत्त्व आजही पाळले जाते. आतील सरल स्नायू स्वच्छमंडलाच्या कडेपासून सु. ५·५ मिमी. वर चिकटलेला असतो व तो सामान्यतः ३ ते ६ मिमी. मागे नेतात. जोडाच्या लगेच मागे श्वेतपटलाची जाडी सु. ०·३ मिमी. एवढीच असल्याने टाका घालताना सुई आत शिरण्याचा धोका असतो.

पूर्ण लुळ्या पडलेल्या स्नायूस आखूड करून भागत नाही. त्यासाठी हुमेल्सहाइम यांनी १९०७ च्या सुमारास शेजारील निरोगी स्नायूंचे भाग लुळ्या स्नायूकडे वळविण्याची पद्धत मांडली.

दृष्टीचा विचार : डच शास्त्रज्ञ एफ्. सी. डोंडर्स (१८१८–८९) यांनी १८६४ मध्ये आत वळणाऱ्या डोळ्यांचा दीर्घदृष्टीशी असलेला संबंध स्पष्ट केला. त्यामुळे अनेक मुलांचा तिरळेपणा केवळ योग्य चष्म्याने जातो, हे कळले. बहिणीच्या तिरळेपणामुळे या विषयाकडे वळलेले एमील झाव्हाल (१८३९–१९०७) यांनी दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीसाठी व्यायाम योजले. १९६५ मध्ये डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक आतील सरल स्नायू कापून कृत्रिम तिरळेपणा निर्माण केला. त्यांच्या मेंदूत दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या कोशिका फारच थोड्या उरल्याचे आढळले. डोळा जागच्या जागी निरोगी असूनही मेंदूतील जोडणी बिघडते व बाल्यातील ठराविक काळातच ती सुधारता येते, हे यावरून दिसले. १९८१ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनास मिळाले, त्याचाच हा भाग होता.

नेत्रकोटरावरील शस्त्रक्रिया : नेत्रकोटराचे घनफळ सु. ३० घ. सेंमी. असून त्यातील सु. ७ घ. सेंमी. जागा नेत्रगोल व्यापतो. बाकीच्या अरुंद जागेत स्नायू, मेद, रक्तवाहिन्या व दृक् तंत्रिका असतात. पूर्वी नेत्रगोल काढताना आजूबाजूची ऊतकेही कापली जात. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियांमुळे झाक तेनाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेल्या नेत्रगोलावरणाचा सूक्ष्म अभ्यास झाला. त्याच्या आधारे १८४० नंतर लीआँचे आमेदे बॉने प्रभृतींनी स्नायू जोडापाशी सोडवून केवळ नेत्रगोल काढण्याची सुरक्षित रीत घालून दिली. झुरिकचे रूडॉल्फ क्रोनलाइन (१८४७–१९१०) यांनी बाहेरील अस्थिभित्ती तात्पुरती बाजूला करून डोळा न काढता आतील गाठी काढण्याचा मार्ग शोधला. अवटू ग्रंथीच्या विकारात डोळे बाहेर येऊन दृक् तंत्रिका दाबली जाते. अशा वेळी कोटराची एखादी भित्ती काढून जागा वाढविण्याची शस्त्रक्रिया १९११ मध्ये डोलिंगर यांनी व १९३१ मध्ये नॅफ्त्सिगर यांनी निरनिराळ्या बाजूंनी केली. १९७२ नंतर संगणकीय क्ष-किरण चित्रणामुळे कोटरातील विकृतीचे स्थान आधीच कळू लागले.

अलीकडील प्रगती : १९७५ च्या सुमारास आर्थर जँपोल्स्की यांनी रुग्ण शुद्धीवर आल्यावर सैल वा घट्ट करता येणारा टाका प्रचारात आणला. सॅन फ्रॅन्सिस्कोचे ॲलन स्कॉट (१९३२–२०२१) यांनी कापाकापीऐवजी स्नायूत बॉट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचून तो तात्पुरता दुबळा करण्याचा उपाय शोधला. १९८० मध्ये त्यांचे मानवावरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले व १९८९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. सौंदर्योपचारांत पुढे गाजलेले हे औषध मुळात तिरळेपणासाठी होते.

शस्त्रक्रियेने डोळे सरळ झाले, तरी मंदावलेली दृष्टी तीमुळे आपोआप परत येत नाही. त्यासाठी चष्मा व चांगला डोळा झाकणे हे उपाय लहान वयातच करावे लागतात. मूल मोठे झाले की तिरळेपणा आपोआप जाईल, या समजुतीने थांबल्यास हा काळ निघून जातो. उलट, प्रौढ वयात शस्त्रक्रिया निरुपयोगी असते हा समजही खरा नाही. तीमुळे दुहेरी दिसणे थांबू शकते व रूपदोष दूर होतो.