माहेर हिवतापाचं

 बजबजहून हुगळीच्या प्रवाहाविरुद्ध कलकत्त्याकडे निघालं की डाव्या हाताला शिबपूरचं वनस्पती उद्यान लागतं. ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार; त्याच्या आजच्या मुख्य गोळीची कुळकथा या बागेतूनही जाते. बागेचे अधीक्षक थॉमस अँडरसन यांनी १८६० च्या दशकात दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोना रुजवला. मुंगपूच्या कारखान्यात त्याच्या सालीपासून क्विनाइन निघू लागलं आणि १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत पैशाला पुडी मिळू लागली. पुडी अर्थात हिवतापावरची.

दोनच वर्षांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. पेन यांनी हेच क्विनाइन ल्युपसच्या चट्ट्यांवर गुणकारी असल्याचं सांगितलं. फारसं कुणी ऐकलं नाही. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं, सिंकोनाचा मोठा पुरवठा तुटला आणि दोस्त सैनिकांना क्विनाइनऐवजी मेपाक्रिन या हिवतापावरच्या पर्यायी औषधाच्या गोळ्या खाव्या लागल्या. कातडी पिवळी पडायची, पण काहींचे जुने चट्टे आणि सांधेदुखी कमी झाली. १९५१ मध्ये डॉ. पेज यांनी 'लॅन्सेट'मध्ये ल्युपसच्या १८ रुग्णांवरचा मेपाक्रिनचा अनुभव मांडला. तुलनेला दुसरा गट नव्हता. ल्युपस आपणहून चढतो, आपणहून उतरतो. त्यामुळे उतरत्या काळात दिलेलं कुठलंही औषध यशस्वी वाटतं. तरीही १९५५ मध्ये अमेरिकेत आलेली त्याच घराण्यातली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन डॉक्टरांच्या हाती रुळली. हिवतापाच्या माहेरहून आलेली ही सून सासरी राबत राहिली, तिची रीतसर परीक्षा मात्र फारशी कुणी घेतली नाही.

ती घेतली कॅनडातल्या डॉक्टरांनी, १९९१ मध्ये. औषध नव्याने सुरू करून पाहण्याऐवजी त्यांनी ते काढून घेऊन पाहिलं. गोळीवर स्थिर असलेले ४७ रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे २५ जणांना तीच गोळी, २२ जणांना हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २४ आठवड्यांत पोकळ गोळीवरच्या १६ जणांचा आजार उसळला, खऱ्या गोळीवरच्या नऊ जणांचा. हे औषध शरीरातून निघायला कित्येक आठवडे घेतं, म्हणजे पोकळ गोळीवाल्यांनाही सुरुवातीला जुन्या साठ्याचा आधार होता. माझ्या मते त्यामुळे हा निकाल अधिकच वजनदार ठरतो. खऱ्या गोळीवरचे ते नऊ जणही विसरू नयेत; ही गोळी आजार आवरते, संपवत नाही.

मार्च २०२० मध्ये, कोरोनावर चालेल या आशेने हीच गोळी दुकानांतून गायब झाली आणि ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेना. ल्युपसचे दहातले नऊ रुग्ण म्हणजे बायका, हे इथे आठवावंसं वाटतं. त्या गडबडीत हिवतापावरच्या गोळ्या बनवणाऱ्या, रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी उभारलेल्या बेंगॉल केमिकल्सचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं.  कोरोनावर ही गोळी चालते का, हे ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने सुमारे ४,७०० रुग्ण घेऊन तीन महिन्यांच्या आत तपासलं. उत्तर आलं, नाही. ल्युपसला ४७ रुग्णांच्या चाचणीसाठी ३६ वर्षं थांबावं लागलं होतं.