चालत्या माणसांना कुंपण

वाघोलीच्या दगडखाणींवर राबायला जी माणसं दूरदूरच्या मुलुखांतून आली, त्यांत वडार पुष्कळ. गाडीवडार दगड वाहायचे, मातीवडार विहिरी-तळी खणायचे, पाथरूट जातं-पाटा घडवायचे. काम सरलं की पाल मोडायचं आणि गाढवं हाकायची. यात वाईट ते काय?

इंग्रज सरकारला मात्र असं फिरणं खुपलं. 1871 साली उत्तरेत गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, 1911 साली तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येऊ लागला. चोरी एकानं करो वा न करो, सगळी जमातच जन्मानं गुन्हेगार! हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. तिथल्या कित्येकांना गिरणीत कामाला धाडीत.

अमेरिकेत गोऱ्यांनी लेनापे लोकांना डेलावेअर नदीकाठाहून हुसकत हुसकत ओक्लाहोमापर्यंत लोटलं. इथं उलट, चालत्यांना डांबलं.

देश 1947 साली सुटला, यांची सुटका 31 ऑगस्ट 1952 ला. महाराष्ट्रानं पुढं ‘विमुक्त’ म्हणून नोंदलेल्या जमातींत पारधी, कैकाडी, रामोशी आणि वडारही आहेत.

गुरुजी, पालावरचं पोर शाळेत आलं तर त्याला मूळ गाव नका विचारू. आजा कुठंकुठं विहिरी खणत गेला, ते विचारा.